आकाशातील बाक

१९५८ सालच्या वसंतात अटलांटिक महासागरावरून उतारू नेणाऱ्या विमान कंपन्यांमध्ये एक मोठे भांडण जुंपले. ते मार्गावरून नव्हते, भाड्यावरूनही नव्हते. ते होते पावाच्या एका कापावरून. त्या वर्षी ‘इकॉनॉमी’ नावाचा नवा स्वस्त वर्ग सुरू झाला होता. या वर्गातील उतारूला साधे सँडविच तेवढे द्यावे, अधिक काही देऊ नये, असा आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघाचा नियम होता. स्कँडिनेव्हियन कंपनीने आपल्या देशाच्या रीतीप्रमाणे पावाच्या कापावर मांस, मासे, चीज असे रचून ताट भरून दिले. पॅन अमेरिकन कंपनीने लागलीच तक्रार केली, की हे सँडविच नव्हे, हे तर जेवण झाले! संघात खल झाला, सँडविच कशाला म्हणावे याचा निवाडा झाला आणि अधिक चांगले खाऊ घातल्याबद्दल स्कँडिनेव्हियन कंपनीला दंड भरावा लागला.

श्रोतेहो, आज ही हकीकत ऐकून हसू येते. आज विमानात पाण्याची बाटलीसुद्धा पुष्कळदा विकत घ्यावी लागते, गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात, आणि विमान केव्हा सुटणार हे कोणी सांगत नाही. उतारूला जास्त दिले म्हणून दंड होण्याच्या काळापासून या काळापर्यंत आपण कसे येऊन पोहोचलो? उतारूचे सुख गेले ते कोठे, आणि ते नेले कोणी? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

विमानाशी तुमचा काय संबंध, असे कोणी आम्हांस विचारील. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतील वाचनालयात अधिक झाले. आयुष्य गेले ते माल चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या कामगारांत. चाळिशी गाठेपर्यंत आम्ही विमान पाहिले ते खालून. २०११ साली दिल्लीच्या एका कामगार परिषदेहून परत येताना मात्र विमानतळावर सहा तास अडकून पडण्याचा योग आला. फलकावरची वेळ दर तासाला पुढे सरकत होती. खिडकीपाशी कंपनीच्या गणवेशातील एक मुलगी उभी होती आणि शेदीडशे माणसे तिच्यावर ओरडत होती. खोटे कशाला सांगावे, त्या ओरडणाऱ्यांत आम्हीही होतो. कामगारांच्या सन्मानावर दोन दिवस भाषणे करून आलेले आम्ही!

रात्री एकच्या सुमारास गर्दी पांगली, तेव्हा ती मुलगी सामान तोलण्याच्या काट्यावरच बसली आणि पायांतले बूट काढून तळवे चोळू लागली. आम्ही जवळ जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, “काका, मी दुपारी बारापासून उभी आहे. मी कंपनीची नाही, ठेकेदाराची आहे. तुम्हांला फलकावर दिसतं तेवढंच मलाही दिसतं.” त्या एका वाक्याने आम्हांस हा इतिहास वाचावयास लावले.

या इतिहासाचा आरंभ सुखात झालेला नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९३० साली अमेरिकेत एलन चर्च या परिचारिकेने बोइंग कंपनीला पटवून दिले, की विमानात शिकलेली परिचारिका असेल तर उतारूंची भीती कमी होईल. १५ मे १९३० रोजी ती सॅन फ्रान्सिस्कोकडून शिकागोला निघाली. प्रवास २० तासांचा आणि वाटेत १३ थांबे. विमान ढगांच्या वर जाऊ शकत नसे, त्यामुळे हादरे बसत आणि उतारू ओकून बेजार होत. त्या पहिल्या परिचारिकांना वेताच्या खुर्च्या तळाला नीट आवळलेल्या आहेत की नाही ते पाहावे लागे, माश्या माराव्या लागत आणि वेळ पडल्यास विमान ढकलण्यासही हात लावावा लागे. मुलगी अविवाहित असावी, वय २५ च्या आत, वजन ११५ पौंडांच्या आत, अशा अटी. म्हणजे उतारूचे सुख जन्मले तेच मुळी एका नोकरदार स्त्रीच्या श्रमातून. हे सूत्र पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर विमान आणले ते टपालाच्या थैल्या घेऊन. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला गेले. त्या दिवसांत विमानाने जाणारा माणूस म्हणजे संस्थानिक, बडा व्यापारी किंवा सरकारी पाहुणा. एअर इंडियाने आपल्या चिन्हासाठी मुजरा करणारा महाराजा निवडला, तो उगीच नव्हे. १९५३ साली कायदा होऊन विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे आली.

आता अमेरिकेकडे वळू. कारण या नाटकाचा मुख्य अंक तेथेच घडला. तेथे कंपन्या खाजगी राहिल्या, परंतु १९३८ च्या कायद्यान्वये नेमलेले मंडळ कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर जावे आणि किती भाडे घ्यावे हे ठरवी. पुढील ४० वर्षांत मुख्य मार्गांवर एकाही नव्या बड्या कंपनीला शिरकाव मिळाला नाही. भाडे ठरविताना मंडळ असे धरून चाले, की विमानातील शंभरांपैकी साधारण ५५ जागाच भरतील. याचा अर्थ काय? याचा अर्थ असा, की रिकाम्या ४५ खुर्च्यांचा खर्च बसलेल्या ५५ जणांच्या तिकिटात घातलेला असे. जुन्या लोकांना आठवणारे ते सुख, शेजारची मोकळी खुर्ची, ऐसपैस पाय, ते फुकटचे नव्हते. त्याचे पैसे आधीच घेतलेले होते.

भाडे कमी करून गिऱ्हाईक ओढता येत नाही, तेव्हा कंपन्या करणार काय? त्या जेवण वाढणार, खुर्ची रुंद करणार, दिवाणखाने थाटणार. सँडविचच्या भांडणाचे मर्म हेच होते. २२ जानेवारी १९७० रोजी बोइंग ७४७ हे महाकाय विमान न्यूयॉर्कहून लंडनला उतारू घेऊन गेले आणि पुढच्याच वर्षी एका अमेरिकन कंपनीने आपल्या ७४७ मध्ये चक्क पियानो बसविला. एअर इंडियाने आपल्या ७४७ च्या खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांची नक्षी काढली. आकाशात महाल उभे राहिले; पण त्या महालांत कोण बसत होते?

१९७५ साली सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी या व्यवस्थेची चौकशी आरंभली. त्यांचे त्या वेळचे सहायक स्टीफन ब्रेयर, जे पुढे तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, एक आठवण सांगत असत. एका सामान्य मतदाराने केनेडींना विचारले, की आम्हांला कधी विमानात बसणे परवडले नाही, मग तुम्ही विमानांच्या चौकशीत वेळ का दवडता? केनेडींनी उत्तर दिले, की म्हणूनच! चौकशीत असे दिसले, की कॅलिफोर्निया किंवा टेक्सास या एकेका राज्याच्या हद्दीत, जेथे मंडळाचा अंमल नव्हता, तेथे तेवढ्याच अंतराचे भाडे पुष्कळच कमी होते. तेव्हा मंडळ जनतेचे रक्षण करीत नसून कंपन्यांचे करीत आहे, असे मत बळावले. आल्फ्रेड कान हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक १९७७ साली मंडळाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी आपल्या हाताने आपलीच गादी मोडण्याचे काम केले. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी निर्बंधमुक्तीच्या कायद्यावर सही केली. १९८४ अखेर मंडळच बंद झाले.

आम्ही युनियनची माणसे. या कायद्याला आम्ही शिव्याशाप द्यावेत अशी आपली अपेक्षा असेल. तथापि खरे ते सांगितले पाहिजे. महागाईचा हिशेब धरला तर भाडी उतरली. जो कामगार कधी विमानात बसला नसता तो बसू लागला. अपघातही वाढले नाहीत, उलट विमानप्रवास पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित झाला. ज्यांना ‘जुने चांगले दिवस’ आठवतात, त्यांनी एवढे स्मरावे, की त्या दिवसांत आपल्या सभागृहातील बहुतेकांना विमानाच्या शिडीवर पाय ठेवता आला नसता. सुखाचा ऱ्हास झाला तो अशा वेळी, जेव्हा दार बहुजनांसाठी उघडले. यात वाईट काय झाले हे म्हणूनच बारकाईने पाहावे लागते.

पहिली गोष्ट, रिकामी खुर्ची नाहीशी झाली. निम्म्या-पाऊण भरणारी विमाने ८० टक्क्यांहून अधिक भरू लागली. त्यासाठी कंपन्यांनी संगणकाला कामास लावले. एकाच रांगेतील तीन उतारूंनी तीन वेगळ्या किमती दिलेल्या असतात, हे त्याचेच फळ. न येणाऱ्यांचा अंदाज बांधून जागांपेक्षा जास्त तिकिटे विकण्याची चाल तर जुनीच होती. १९७२ साली ग्राहकांचे कैवारी राल्फ नेडर यांनाच विमानात जागा नाकारली गेली. त्यांनी खटला भरला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर नियम झाला, की जादा उतारू झाल्यास आधी राजीखुशीने उतरणारे शोधावेत, त्यांना मोबदला द्यावा. नियम चांगला होता. परंतु ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोच्या विमानतळावर युनायटेड कंपनीला आपल्या चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या, तेव्हा तिकीट काढून खुर्चीत बसलेल्या ६९ वर्षांच्या एका डॉक्टरांना सुरक्षा रक्षकांनी ओढत बाहेर नेले. ते चित्र जगाने पाहिले.

दुसरी गोष्ट, वाटा बदलल्या. कंपन्यांनी एकेक मोठे नाके धरले आणि सगळे उतारू तेथे आणून तेथून पुढे वाटण्याची पद्धत घातली. लहान गावांनाही शंभर ठिकाणी जाता येऊ लागले, हा फायदा. पण नाक्यावर एक वादळ आले, की देशभर खोळंबा. उतारू तासन्‌तास धावपट्टीच्या कडेला विमानातच कोंडून राहू लागले. १९९९ च्या जानेवारीत डेट्रॉइटला आणि २००७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला हे प्रकार इतके थराला गेले, की अखेर २०१० पासून देशांतर्गत विमानात तीन तासांहून अधिक कोंडून ठेवण्यास बंदी करावी लागली.

तिसरी गोष्ट, एक तिकीट फोडून त्याची दहा बिले झाली. १९८१ मध्ये निघालेल्या पीपल एक्स्प्रेस कंपनीने सामानाचे आणि खाण्याचे पैसे वेगळे घेण्यास सुरुवात केली. तेव्हा तिची चेष्टा झाली. अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रमुखांनी १९८७ साली कोशिंबिरीतील एक ऑलिव्ह कमी करून वर्षाला ४० हजार डॉलर वाचविले, असे सांगतात. २००८ साली इंधन भडकले, तेव्हा त्याच कंपनीने पहिल्या पेटीलाही १५ डॉलर लावले आणि बाकीच्या बहुतेक कंपन्या मागोमाग आल्या. इंधन उतरले, पेटीचा आकार मात्र उतरला नाही. २०२३ साली अमेरिकन कंपन्यांनी सामानापोटी ७ अब्ज डॉलरांहून अधिक गोळा केले. ज्याला आमच्या बाजारात तोलातले मापात आणि मापातले तोलात म्हणतात, त्यातलाच हा हिशेब.

चौथी गोष्ट खुद्द खुर्ची. एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचे अंतर पूर्वी ३४-३५ इंच असे. ते साधारण ३१ वर आले, काही कंपन्यांत २८ वर. खुर्चीची पाठ पातळ करून थोडी जागा परत दिली, हे कबूल; पण विमाने तीच आणि रांगा जास्त. ज्या बोइंग ७७७ मध्ये आरंभी एका रांगेत नऊ माणसे बसत, त्यात दहा बसवू लागले. हा केवळ आरामाचा प्रश्न नाही. संकट आल्यास भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, असा नियम आहे. उतारू संघटनेने हा मुद्दा न्यायालयात नेला. २०१७ साली न्यायाधीशांनी त्याला आकसत चाललेल्या खुर्चीचे प्रकरण असे म्हणून सरकारला पुन्हा विचार करण्यास सांगितले. २०१८ साली खुर्चीचे किमान माप ठरवावे असा कायदाही झाला. मग चाचण्या घेतल्या. त्यांत माणसे बसविली ती साठीच्या आतली, धडधाकट. मूल कडेवर घेतलेली आई नाही, काठी टेकणारे आजोबा नाहीत. कायद्याने दिलेली वर्षाची मुदत केव्हाच उलटली, आणि २०२३ मध्ये न्यायालयाने सरकारला माप ठरविण्याची सक्ती करण्याचे नाकारले.

सुरक्षा तपासणीच्या रांगांविषयी थोडेच सांगतो. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर बूट काढा, २००६ नंतर पाण्याची बाटली टाका, हे जगभर पसरले. आपल्याकडे १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आले. या रांगांमागे रक्ताचा इतिहास आहे. तेथे कुरकुर करताना आम्ही जीभ आवरतो.

आता आमच्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. भाडे उतरले ते कोणाच्या खिशातून? निम्मे उतारूच्या पायांतून आले, हे आपण पाहिले. उरलेले आले कामगारांच्या विश्रांतीतून. ३ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील विमान वाहतूक नियंत्रकांनी संप पुकारला. सुमारे १३ हजार माणसे बाहेर पडली. मागणी पगाराची होती, तशीच आठवड्याचे कामाचे तास ३२ वर आणण्याची होती. कारण पडद्यावरील ठिपक्यांवर शेकडो जीव सांभाळण्याचे ते काम. सरकारी नोकरांना संपाचा कायदेशीर हक्क नव्हता, हेही खरे. याच संघटनेने आदल्या वर्षी निवडणुकीत रेगन यांना पाठिंबा दिला होता. त्याच रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ११,३४५ जणांना बडतर्फ केले. संघटना मोडली. १९८३ साली कॉन्टिनेन्टल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज करून युनियनचे करार फाडले, वेतन घटविले आणि विमाने पुन्हा चालू केली. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळकरी होतो आणि आमचे वडील त्या संपात होते. या घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण मोडलेल्या संपानंतर घरात कशी शांतता पसरते, ते आम्हांस पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्याच ऑगस्ट १९८१ मध्ये, २८ तारखेला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नर्गेश मिर्झा यांच्या खटल्याचा निकाल दिला. एअर इंडियातील हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी लागे. ही अट न्यायालयाने अमानुष ठरवून रद्द केली. सगळे काही मिळाले नाही, वयाचा भेद राहिलाच. पण महाराजाच्या मुजऱ्यामागे कोणाची कंबर वाकत होती, ते त्या खटल्याने उजेडात आणले.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कामगारांच्या मागणीने उतारूला सुखही दिले आहे. विमानातील सिगारेटचा धूर गेला, तो प्रामुख्याने त्या बंद डब्यात दिवसचे दिवस श्वास घेणाऱ्या परिचारिकांनी नेट धरला म्हणून. अमेरिकेत १९८८ साली लहान आणि १९९० साली जवळजवळ सर्व देशांतर्गत फेऱ्यांत धूम्रपानबंदी झाली. उलट, कामगार थकला की काय होते? १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ एक लहान विमान कोसळले आणि ५० माणसे गेली. चौकशीत दिसले, की अल्प पगाराची सहवैमानिक देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. विश्रांतीचे नवे नियम झाले ते त्यानंतर, मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केल्यावर.

आपल्याकडेही हीच वाट चालून झाली. सरकारी मक्तेदारीच्या काळी इंडियन एअरलाइन्सच्या उशिराने लोक कंटाळले होते, हे विसरून चालणार नाही. १९९४ साली १९५३ चा कायदा रद्द झाला, २००३ साली एअर डेक्कनने स्वस्त तिकीट आणले, आणि २०२४ साली देशांतर्गत विमानफेऱ्यांतील उतारूंची संख्या १६ कोटींवर गेली. या वाढीत किंगफिशर २०१२ साली व जेट २०१९ साली बंद पडली आणि हजारो कामगारांची थकबाकी अडकली. मग २०२५ चा डिसेंबर आला. वैमानिकांना आठवड्यास ३६ ऐवजी ४८ तास सलग विश्रांती द्यावी, रात्रीची उतरणी कमी करावीत, असे नियम जवळजवळ दोन वर्षे आधी जाहीर झाले होते. देशातील सर्वांत मोठ्या इंडिगो कंपनीचे नियोजन चुकले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर सामानाचे डोंगर उभे राहिले, लग्नाची आणि परीक्षेची माणसे रडली. आणि तोडगा काय निघाला? रात्रपाळीच्या काही नियमांतून कंपनीला तात्पुरती सूट! उतारूचा खोळंबा सोडविण्यासाठी वैमानिकाची झोप उसनी घेतली गेली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅनडात दहा हजारांवर विमान परिचारक-परिचारिका संपावर गेल्या. विमानाचे दार लागेपर्यंतच्या कामाचे, म्हणजे उतारूंना बसविण्याचे, सामान लावण्याचे, पैसे मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार. सरकारने कामावर जाण्याचा हुकूम काढला. त्यांनी तो मानला नाही. चार दिवसांत समेट झाला आणि जमिनीवरील कामाला मोल आले. आम्ही ती बातमी दोनदा वाचली. आपली पेटी वरच्या फळीवर चढवून देणाऱ्या हातांना त्या क्षणाची मजुरी मिळत नसते, हे किती उतारूंना ठाऊक होते?

श्रोतेहो, जुना महाल परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. तो थोडक्यांचा होता आणि त्याचे भाडे इतरांना बाहेर ठेवून वसूल होत असे. स्वस्त तिकीट राहावे, कष्टकऱ्याच्या लेकराने ढगांवरून जावे, हेच आम्हांस हवे. पण बाक झाला तरी त्याला माप असावे. गिरणीत, खाणीत, बोटीत माणसाला किती जागा आणि किती विश्रांती हवी हे बाजाराने आपण होऊन कधी ठरविले नाही. लोकांनी मागितले तेव्हा कायद्याने ठरविले. खुर्चीचे इंच आणि कामगाराच्या झोपेचे तास हे दोन्ही त्याच यादीत बसतात.

तोवर एक लहानसे काम आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे. पुढल्या वेळी फलकावरची वेळ पुढे सरकेल, तेव्हा तक्रार अवश्य करावी. लेखी करावी, कंपनीच्या मालकाकडे करावी, सरकारकडे करावी. खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीला मात्र आधी एवढेच विचारावे, की बाई, तू केव्हापासून उभी आहेस?